कोंबडा की कोंबडी? पिसांवरून ओळखा
(प्रतिनिधी)

घरची ताजी अंडी मिळावीत म्हणून परसात पिल्ले पाळणाऱ्यांचा बेत अनेकदा पहिल्या बांगेसरशी फसतो. उबवलेल्या अंड्यांतून साधारण निम्मी पिल्ले नर निघतात. नरापासून अंडी मिळत नाहीत, खाद्याचा खर्च मात्र चुकत नाही. शिवाय दाट वस्तीत पहाटेच्या आरवण्यावरून शेजाऱ्यांशी खटके उडतात. म्हणूनच नर-मादी वेळीच ओळखणे महत्त्वाचे ठरते.

लिंग ठरते अंड्यातच
मनुष्यात अपत्याचे लिंग पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. पक्ष्यांत ते मातेकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. कोंबड्यात ‘झेड-झेड’, तर कोंबडीत ‘झेड-डब्ल्यू’ अशी जोडी असते. अंडे घातले जाण्यापूर्वीच हा निर्णय झालेला असतो. त्यामुळे टोकदार अंड्यातून नर निघतो किंवा अंड्यावर दोऱ्याने टांगलेली अंगठी उत्तर देते, या समजुतींना आधार नाही.

पहिल्या दिवशी अवघड
एक दिवसाच्या पिल्लाचे गुदद्वार हलकेच उघडून आतील सूक्ष्म उंचवटा तपासण्याची पद्धत मासुई व हाशिमोतो या जपानी शास्त्रज्ञांनी १९२०च्या दशकात विकसित केली. अंडी उबवणी केंद्रांतील प्रशिक्षित व्यक्तींचेच हे काम आहे. अननुभवी हातांनी पिल्लू दगावू शकते. काही ठरावीक संकरांत पंखांतील पिसांची लांबी किंवा अंगावरील लवीचा रंग पाहूनही भेद कळतो. गावठी पिल्लांना मात्र हे नियम सहसा लागू पडत नाहीत.

वाढत्या वयातील खुणा
सहा ते आठ आठवड्यांत नराचा तुरा मोठा व लालबुंद होऊ लागतो. मादीचा लहान व फिकट राहतो. नराचे पाय अधिक जाड असतात. कडकनाथाचा तुरा मुळातच काळसर असल्याने तेथे रंगावर न जाता आकार पाहावा.

सर्वांत भरवशाची खूण सुमारे तीन महिन्यांनी दिसते. नराच्या मानेवरील आणि शेपटीलगतच्या कमरेवरील पिसे लांब, निमुळती व चकचकीत होतात. मादीची पिसे टोकाशी गोलसर राहतात. पुढे नराच्या शेपटीत कोयत्यासारखी वळलेली पिसे येतात. उघड्या मानेच्या जातीत कमरेवरचीच पिसे तपासावीत. केवळ बांगेवर किंवा पायामागील काट्यावर विसंबू नये. क्वचित कोंबडीही आरवते आणि काही कोंबड्यांना काटाही येतो.

घेण्यापूर्वी
अंड्यांच्या जातींतील नर पिल्ले व्यवसायाला निरुपयोगी ठरत असल्याने जगभर ती जन्मताच मारली जातात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून या प्रथेवर बंदी घातली. तेथे आता अंड्यातच लिंगतपासणी केली जाते. आपल्याकडे बाजारात रंगवून विकली जाणारी स्वस्त पिल्ले अनेकदा अशीच नर असतात. ज्यांना केवळ अंडी हवीत, त्यांनी एक दिवसाच्या पिल्लांऐवजी तीन-चार महिन्यांच्या तलंगा, वरील खुणा पारखून घ्याव्यात. अंडी मिळण्यासाठी कोंबडा लागतच नाही. तो लागतो, अंडी उबवून पिल्ले काढायची असतील तरच.