रिकामी जागा आणि रिकामी झालेली जागा

‘दुर्लक्षित जागा’ हा शब्दप्रयोग नगररचनेच्या लेखनात वारंवार आढळतो. व्याकरणाच्या अंगाने पाहिले तर त्यात कर्ता नाही. दुर्लक्ष कोणी केले, जागा ओस कशामुळे पडली, हे प्रश्न त्या शब्दाच्या आड राहतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲम्स्टरडॅममध्ये अशा जागांचे जे रूपांतर झाले, त्याचा इतिहास वाचताना हा कर्तृलोप आम्हांला विशेष जाणवला.

आल्डो व्हान आइक (१९१८–१९९९) हे वास्तुविशारद १९४६ साली त्या शहराच्या नगरविकास विभागात रुजू झाले. पी. एन. व्हान आइक या डच कवीचे ते पुत्र. १९४७ मध्ये त्यांनी बेर्टेलमानप्लाइन या चौकात पहिले क्रीडास्थळ रचले. रुंद काठाचा वाळूचा हौद, काही गोल ठोकळे, कोलांट्या मारण्यासाठी वाकवलेल्या नळ्या आणि भोवती बाके, एवढेच त्याचे साहित्य. तोवर शहरातील बरीच क्रीडांगणे कुंपणाआड, संस्थांच्या सभासदांच्या मुलांपुरती असत. येथे कुंपण नव्हते. हौदाचा काठ मुलांना उड्या मारण्यास आणि थोरांना टेकण्यास सारखाच उपयोगी पडे. आपल्याकडच्या पाराचे स्मरण व्हावे असा.

पुढे रहिवासीच पत्रे लिहून आपल्या गल्लीसाठी अशी जागा मागू लागले. १९७८ पर्यंत ही संख्या ७०० हून अधिक झाली. आराखड्याचे घटक मोजकेच असत, पण प्रत्येक जागेचा आकार पाहून त्यांची मांडणी बदले. १९५४ मध्ये डाइकस्ट्राट येथे दोन घरांच्या उंच भिंतींमधला अरुंद मोकळा पट्टा याच रीतीने वापरात आला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शहराच्या मध्यभागी अशी खिंडारे पडली कशी? युद्धापूर्वी ॲम्स्टरडॅममध्ये सुमारे ८०,००० ज्यू राहत होते. नाझी राजवटीने नेदरलँड्समधील सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी १,००,००० हून अधिक लोकांचा बळी घेतला. १९४४-४५ च्या भुकेच्या हिवाळ्यात ज्यू वस्तीतल्या निर्मनुष्य घरांच्या तुळया आणि जिने गारठलेल्या शहरवासीयांनी जळणासाठी काढून नेले. पुष्कळ घरे कोसळली. अशा काही खिंडारांतही पुढे मुलांसाठी वाळू आली. तेव्हा त्या जागा नुसत्या रिकाम्या नव्हत्या. त्या रिकाम्या करण्यात आल्या होत्या.

मग हे चौक म्हणजे विस्मृतीवर घातलेले पांघरूण होते काय? आम्हांला तसे वाटत नाही. व्हान आइक यांनी खिंडार बुजवले नाही. शेजारच्या भिंती उघड्याच राहू दिल्या. येथे एक घर होते, हे त्या भिंती सांगत राहिल्या. तथापि घर कोणाचे होते, हे भिंत सांगू शकत नाही. ते काम अभिलेखाचे आणि इतिहासलेखनाचे. रचनाकाराने जागा वर्तमानाला परत दिली. तिचा भूतकाळ सांगण्याची जबाबदारी इतरांवर उरली, आणि वास्तुकलेच्या कौतुकात ती सहज निसटते.

अवकाश आणि काळ यांपेक्षा ठिकाण आणि प्रसंग यांना व्हान आइक अधिक मोल देत. या विचाराची कसोटी पुढे त्यांच्याच कामाला लागली. शहर पुन्हा बांधले जाऊ लागले, तशी बहुतेक क्रीडास्थळे नाहीशी झाली. २०१३ मध्ये रेइक्सम्युझियमच्या बागेत त्यांची काही खेळसाधने मांडण्यात आली. नळ्यांची कमान तेथे सुरक्षित आहे, मुलेही खेळतात. परंतु ज्या गल्लीने ती पत्र लिहून मागितली होती, ती गल्ली तिच्याभोवती नाही.

दुर्लक्षित कोपऱ्यांचे चौक करण्याच्या योजना आज अनेक शहरांत आखल्या जातात. त्यांचे आराखडे वाचताना बाके किती आणि झाडे कोणती हे आपण जरूर पाहावे. पण त्याआधी ही जागा कोणी मागितली आणि येथून कोण गेले, या दोन प्रश्नांची उत्तरे त्या कागदांत शोधावीत, असे आम्हांला वाटते.