तालमीतला खुराक आणि दुकानातला डबा

आमचं बेलपाडा भातशेतीचं गाव होतं, हे आठवणारी माणसं आता कमीच उरली. भोवती खारघर वसलं, २०२३ मध्ये मेट्रो आली, आमच्या गावाच्या नावाचं स्टेशन झालं. जिम तर गल्लोगल्ली झाल्या, आणि त्यांच्या शेजारी मोठाले काळे डबे मांडलेली दुकानं. एकेक डबा दोन-तीन हजारांच्या घरात. घेणारी पोरं अठरा-वीस वर्षांची. त्या डब्यात काय आहे हे ठामपणे कोण सांगणार, या एका प्रश्नाचा मागोवा घेत गेलो आणि बराच मागे जाऊन पोचलो.

आपल्याकडे पैलवानाच्या आहाराला जुना शब्द आहे, खुराक. दूध, तूप, बदाम, मटण आणि थंडाई. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, पैलवानांच्या खुराकाची सोय केली, खासबागेचं मैदान बांधलं. तालमीत बदाम, खसखस, बडीशेप कुंडीत घोटायचं काम पठ्ठ्यांचंच. वस्तादाची नजर सगळ्यांवर. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हैस गिऱ्हाइकासमोर पिळतात आणि धारोष्ण दुधाचा पेला हातात देतात. ती नुसती चवीची हौस नव्हे. दुधात पाणी नाही याची ती रोकडी खात्री आहे. पोटात काय जाणार ते डोळ्यांना आधी दिसायचं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, ते याच परंपरेतून.

म्हणजे त्या काळी भेसळ नव्हती असं नाही. भेसळ होती म्हणून तर कायदे झाले. औषधांसाठी १९४० चा कायदा, अन्नासाठी १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा. पण नुसता कायदा असून भागत नाही, हे महाराष्ट्राने १९८६ मध्ये पाहिलं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशीत अन्न व औषध प्रशासनापासून मंत्रालयापर्यंत अनेकांवर ताशेरे ओढले गेले आणि आरोग्यमंत्र्यांना जावं लागलं. बाटलीवर नाव एक आणि आत विष. तेही औषधात, जिथे नियम सर्वांत कडक असतात तिथे.

पुढे १९९१ नंतर बाजार खुला झाला. परदेशी प्रोटीनचे डबे येऊ लागले. आता हे अन्न म्हणायचं की औषध? औषध म्हणावं तर विक्रेता म्हणे, ही तर दुधाचीच पावडर. अन्न म्हणावं तर डब्यावर दावे औषधासारखे. या दोन खुर्च्यांच्या मधल्या फटीत धंदा वाढत गेला. अमेरिकेतही तीच कथा. तिथे १९९४ च्या कायद्याने अशी पूरकं मोठ्या प्रमाणात मोकळी सोडली. विकण्यापूर्वी सुरक्षितता सिद्ध करायचं बंधन जवळजवळ नाहीच. इफेड्रा नावाच्या वनस्पतीच्या गोळ्यांवर तिथे २००४ मध्ये बंदी आली, पण ती माणसं मेल्यावर. त्याच वर्षी कोलोनच्या शास्त्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेरा देशांतली ६३४ पूरकं तपासली, त्यांतल्या ९४ मध्ये लेबलवर न लिहिलेली, स्टेरॉइडच्या जातीची द्रव्यं सापडली. म्हणजे सातात एक.

भारतात २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याने या वस्तूंना पहिल्यांदा नाव दिलं. तो २०११ मध्ये लागू झाला. पूरक आहाराचे तपशीलवार नियम यायला २०१६ उजाडलं. त्यात स्पष्ट आहे की अशा पदार्थांत संप्रेरकं किंवा स्टेरॉइड घालता येणार नाहीत आणि डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं लिहिलं पाहिजे. कागदावर चोख. पण २०२४ मध्ये आपल्याकडच्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. तिच्यात २५ डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा आणि आतलं प्रमाण जुळलंच नाही.

इकडे खेळाचा कायदा मात्र उलट्या टोकाचा. शरीरात बंदी असलेलं द्रव्य सापडलं की जबाबदार खेळाडू. ते कसं आलं हा पुढचा प्रश्न. विरारच्या पृथ्वी शॉवर २०१९ मध्ये आठ महिन्यांची बंदी आली, खोकल्याच्या औषधात सर्रास असणाऱ्या टर्ब्युटालिनमुळे. नरसिंग यादव मुंबईत वाढलेला, लागोपाठ तीन वेळा महाराष्ट्र केसरी. रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर, २०१६ मध्ये, त्याच्या नमुन्यात मेथॅन्डिएनोन हे स्टेरॉइड सापडलं. आपल्याविरुद्ध कट झाला, हे कोणीतरी खाण्यापिण्यात मिसळलं, असं त्याचं म्हणणं. इथल्या यंत्रणेने ते मान्य केलं, पण रिओत क्रीडा लवादाला ते पटलं नाही. कुस्तीच्या आदल्या दिवशी चार वर्षांची बंदी. खरं-खोटं करणारे आपण कोण? पण एवढं खरं की 'मला ठाऊक नव्हतं' एवढ्याने त्या दरबारात सुटका होत नाही.

थोडक्यात, विकणाऱ्याला पकडायचं तर आधी नमुना, मग प्रयोगशाळा, मग तारखा. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा तात्काळ. आणि जी पोरं कुठल्याच स्पर्धेत नाहीत, नुसती आरशासाठी घाम गाळतात, त्यांची तर चाचणीही होत नाही. त्यांचं लघवीचं नव्हे, मूत्रपिंडाचंच तपासायची वेळ येते तेव्हा कळतं. मेफेन्टरमाइन हे शस्त्रक्रियेत रक्तदाब उतरला तर द्यायचं इंजेक्शन. ते जिमच्या पोरांना चोरून विकणाऱ्यांना पुण्यात पोलिसांनी पकडलंय. डब्यापासून सुईपर्यंतचं अंतर फार नसतं, कारण दोन्ही देणारा पुष्कळदा एकच, 'घे रे, काही होत नाही' म्हणणारा.

आजी-आजोबांनी नातवाचा डबा फेकून देऊ नये. भांडणं होतील, आणि चांगली पावडर हे काही विष नव्हे. पण त्याच्याबरोबर बसून डबा वाचावा. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आहे का, माल परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचा पत्ता आहे का, पक्कं बिल मिळालं का. महिन्याभरात अंग भरेल असा दावा असेल तर दुकानाची पायरी उतरावी. आणि ज्याने डबा सुचवला त्याला त्यावर किती कमिशन मिळतं, हेही विचारावं. वस्तादाला थंडाईवर कमिशन मिळत नसे.

असो. म्हैस समोर पिळून घ्यायची सोय आता सगळीकडे कुठली? पण डब्यात काय आहे हे विचारायचा हक्क तोच आहे, आणि तो वापरायला पैसे पडत नाहीत.