घोड्याचा दमा : पोटावरच्या खाचेपासून पेशींपर्यंत

दमा म्हटलं की आपल्याला माणूस आठवतो. पण घोड्यालाही दमा होतो. तो वेळेत कसा ओळखायचा, हा प्रश्न काही शतकं जुना आहे.

सर जॉन फ्लॉयर हे इंग्लंडमधल्या लिचफील्डचे डॉक्टर. त्यांना स्वतःला दमा होता. १६९८ मध्ये त्यांनी दम्यावर ग्रंथ लिहिला. त्यात सतत धाप लागणाऱ्या एका घोडीच्या शवविच्छेदनाचं वर्णन आहे. तिची फुफ्फुसं हवेने फुगलेली होती. पण हे कळलं ते घोडी मेल्यावर!

जिवंत घोडा पारखताना लोक त्याच्या पोटाकडे बघत. श्वासनळ्या अरुंद झाल्या की श्वास बाहेर टाकायला जोर लागतो. पोटाचे स्नायू जाड होतात आणि बरगड्यांच्या कडेने खाच उमटते. फ्रान्समध्ये १८३८ च्या कायद्याने असा घोडा गळ्यात पडल्यास सौदा मोडता येई. दाव्याची मुदत मात्र फक्त ९ दिवस! अडचण अशी, की खाच दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो.

१८१६ मध्ये लेनेक यांनी स्टेथोस्कोप शोधला आणि डोळ्यांच्या मदतीला कान आले. पण घोड्याची छाती मोठी. विश्रांतीत तो मिनिटाला साधारण ८ ते १६ वेळाच, तेही शांतपणे श्वास घेतो. म्हणून पशुवैद्य थोडा वेळ त्याच्या नाकपुड्यांवर पिशवी धरतात. आतला कार्बन डायऑक्साइड वाढला की घोडा खोल श्वास घेतो आणि घरघर ऐकू येते. तरीही सौम्य दाह निसटू शकतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लवचीक दुर्बीण आली. ती नाकपुडीतून श्वासनलिकेत घालून आतला चिकट स्राव बघता येतो. त्याला ० ते ५ अशी श्रेणीही देतात. पण खरा दाह त्याहून खोल, बारीक नळ्यांमध्ये असतो. म्हणून संशय असलेल्या घोड्याला गुंगीचं औषध देऊन, उभ्यानेच, फुफ्फुसाच्या एका भागात २५० ते ५०० मिली सलाईन सोडतात, परत ओढून घेतात आणि त्यातल्या पेशी मोजतात. न्यूट्रोफिल १० टक्क्यांहून जास्त असतील तर दाह आहे असं मानतात. तीव्र दम्यात ते बहुधा २५ टक्क्यांच्या वर असतात.

या तपासणीने एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. दाह असलेले कितीतरी घोडे खोकत नाहीत, उभे असताना त्यांना धाप लागत नाही. ते फक्त शर्यतीत मागे पडतात. पूर्वी अशा घोड्याला आळशी ठरवणं सोपं होतं! २०१६ मध्ये तज्ज्ञांनी सौम्य आणि तीव्र, दोन्ही प्रकारांना मिळून ‘घोड्याचा दमा’ हे नाव सुचवलं.

उपचाराचा पाया साधा आहे : धूळ कमी करणं. वाळलेलं गवत भिजवून द्यायचं, जमेल तितकं मोकळ्या कुरणात ठेवायचं. बुरशीचं, धुळीचं गवत तसंच राहिलं तर औषधांचा फायदा टिकत नाही.

आपल्यासाठी बोध काय? धाप दिसत नाही म्हणजे श्वासनळ्या निरोगी आहेत, असं नाही. जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त दम लागत असेल, रात्री खोकल्याने जाग येत असेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना भेटा आणि गरज असल्यास स्पायरोमेट्री करून घ्या.