आधी चाक, मग प्रमाण

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी शालेय विज्ञान प्रदर्शनाचे परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला होता. जलशुद्धीकरण, ज्वालामुखी, सौरचूल अशा नेहमीच्या मांडणीत आठवीतल्या एका मुलाने पुठ्ठ्याचा ट्रक ठेवला होता. केबिन, हौदा, उघडणारा फाळका, वर ताडपत्री, सगळे नेटके होते. चाके औषधाच्या बाटल्यांच्या बुचांची होती. परीक्षकाच्या सवयीने आम्ही विचारले, "प्रमाण काय घेतलंस?"

"एकास सदतीस, सर."

"सदतीस कशाला? सरळ चाळीस घ्यायचं."

"बुचं अठ्ठावीस मिलिमीटरची मिळाली, सर. मार्केट यार्डात ट्रकच्या टायरवर खडूनं खूण केली. ड्रायव्हरकाकांनी गाडी चाकाचा एक फेरा पुढं घेतली. अंतर तीन मीटर सव्वीस सेंटिमीटर आलं. त्याला तीन पूर्णांक चौदानं भागलं, मग अठ्ठावीसनं."

मुलाचे गणित बरोबर होते. ३२६० मिलिमीटरला ३.१४ ने भागले की व्यास १०३८ मिलिमीटर येतो आणि त्याला २८ ने भागले की ३७. तरीही आम्ही गुणपत्रिकेवर शेरा मारला: 'प्रमाण आधी निश्चित करावे, साहित्य नंतर जमवावे.' त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. पहिले बक्षीस ज्वालामुखीने नेले.

पुढे प्रतिकृतींच्या छंदाचा इतिहास वाचताना या शेऱ्याची आठवण आम्हाला पुन्हा पुन्हा अस्वस्थ करीत राहिली. मोटारी आणि ट्रक यांच्या छोट्या प्रतिकृती बनवणे, जमवणे आणि मांडणे हा जगभर लाखो लोकांचा छंद आहे. त्यात १:४३, १:६४, १:३५ अशी प्रमाणे रूढ आहेत. कोणत्याही शहाण्या माणसाने कागदावर ४३ हा आकडा निवडला नसता. तो भाजकही सोयीचा नाही, कारण ही अविभाज्य संख्या आहे. मग ही प्रमाणे आली कोठून?

रुळांवरून आलेले त्रेचाळीस

इंग्लंडमध्ये लिव्हरपूल येथे फ्रँक हॉर्नबी यांची मेकॅनो ही कंपनी होती. भोके पाडलेल्या पट्ट्या नटबोल्टांनी जोडून यंत्रे बनवण्याचा तिचा संच प्रसिद्ध होता. १९२० पासून ही कंपनी खेळण्यातल्या आगगाड्याही बनवू लागली. या गाड्यांच्या रुळांमधील अंतर ३२ मिलिमीटर असे आणि इंग्लंडमध्ये या आकाराच्या गाड्यांसाठी १ फुटाला ७ मिलिमीटर हे माप रूढ झाले होते. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. त्याला ७ ने भागले की ४३.५ येते.

स्टेशनाबाहेर उभ्या करायला मोटारी हव्यात म्हणून १९३३ च्या अखेरीस कंपनीने सहा वाहनांचा एक संच काढला. १९३४ मध्ये या मालिकेला 'डिंकी टॉइज' हे नाव मिळाले. आगगाडीच्या शेजारी शोभायचे तर मोटारीही साधारण त्याच मापाच्या हव्यात. पुढे आगगाड्या मागे पडल्या आणि मोटारी स्वतंत्रपणे विकल्या जाऊ लागल्या, पण माप तेच राहिले. फ्रान्स, इटली वगैरे देशांतील उत्पादकांनीही ते उचलले. आज युरोपातील संग्राहकांच्या कपाटात जी १:४३ ची मोटार दिसते, तिचे माप असे एका आगगाडीने ठरवलेले आहे.

त्या आगगाडीचे प्रमाण तरी शुद्ध होते का? खऱ्या प्रमाणित रुळांतील अंतर १४३५ मिलिमीटर असते. त्याला ३२ ने भागले तर ४४.८ येते. म्हणजे डबा एका प्रमाणात आणि रूळ दुसऱ्या! याच ३२ मिलिमीटरच्या रुळांवर जर्मनीत १:४५ च्या आणि अमेरिकेत १:४८ च्या गाड्या धावतात. अमेरिकेतील माप पाव इंचाला एक फूट असे आहे. रूळ एकच, पण देशागणिक प्रमाण वेगळे.

काडेपेटी आणि बॅटरी

दुसरी कथा आपल्या, म्हणजे शिक्षकांच्या, अधिक जवळची आहे. लंडनमध्ये लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या दोन मित्रांनी १९४७ मध्ये 'लेस्नी' नावाचा धातूच्या ओतकामाचा कारखाना काढला. (आडनाव एक असले तरी ते नातेवाईक नव्हते.) जॅक ओडेल हे कुशल साचेकार त्यांना येऊन मिळाले. ओडेल यांच्या मुलीच्या शाळेचा एक नियम होता: काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे शाळेत आणायचे. ओडेल यांनी मुलीसाठी काडेपेटीत मावेल असा पितळेचा छोटा रोडरोलर बनवून दिला. वर्गातल्या इतर मुलांनाही तो हवासा वाटला. १९५३ मध्ये 'मॅचबॉक्स' मालिका बाजारात आली. तिच्यातले पहिले वाहन रोडरोलर, दुसरे डंपर आणि तिसरे सिमेंट कालवण्याचे यंत्र होते.

येथे डबी ठरलेली आणि वाहन तिच्यात बसवायचे. म्हणून मोटार साधारण १:६४ च्या आसपास, तर बस आणि मोठे ट्रक १:१०० किंवा त्याहूनही लहान. शेजारी शेजारी ठेवले तर मोटार बसमध्ये शिरणार नाही! पण ही विसंगती कोणा मुलाला खुपली नाही. एका शाळेच्या शिस्तीच्या नियमातून एक उद्योग उभा राहिला. लेस्नी कंपनी १९८२ मध्ये बुडाली, पण मॅचबॉक्स हे नाव टिकले. १९९७ पासून ते अमेरिकेतील मॅटेल कंपनीकडे आहे.

तिसरे उदाहरण जपानचे. शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला प्लॅस्टिकचा एक रणगाडा काढला. तो विजेच्या मोटरवर चालणारा होता, त्यामुळे पोटात मोटर आणि दोन बॅटऱ्या मावणे आवश्यक होते. त्या मावतील एवढा रणगाडा आखला गेला. नंतर मोजले तेव्हा प्रमाण १:३५ निघाले. रणगाडा खपला, म्हणून पुढचे रणगाडे, मग जीप आणि लष्करी ट्रक त्याच मापात निघाले. आज ज्या प्रतिकृतींत मोटर नाही आणि बॅटरीही नाही, त्याही १:३५ मध्येच असतात. बॅटरी गेली, पण तिचे माप राहिले.

रूळ, डबी आणि बॅटरी. आमच्या मुलाचे बूच या रांगेत ठेवून पाहा.

जे लहान होत नाही

एकदा प्रमाण ठरले की पुढचे काम निव्वळ भागाकाराचे आहे असा आमचा समज होता. तोही चुकीचा निघाला. १:४३ ची मोटार घेऊ. लांबी ४३ पटींनी कमी होते, तर पृष्ठफळ ४३ × ४३, म्हणजे १८४९ पटींनी. घनफळ ४३ × ४३ × ४३, म्हणजे ७९,५०७ पटींनी कमी होते. खरी मोटार १००० किलोग्रॅमची असेल, तर काटेकोर प्रतिकृतीचे वजन १२.६ ग्रॅम भरायला हवे. जस्ताची ओतीव गाडी हातात घेतली तर ती याच्या कितीतरी पट जड लागते.

याचे कारण जाडीत आहे. खऱ्या मोटारीचा पत्रा साधारण ०.८ मिलिमीटर जाड असतो. त्याच्या ४३ व्या हिश्शाचा पत्रा स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमच्या वर्खी कागदासारखा होईल आणि मुलाच्या पहिल्याच चिमटीत चुरगळेल. ओतकामात धातू साच्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचायलाही जाडी लागते. प्रतिकृतीची भिंत १ मिलिमीटर धरली, तरी खऱ्या गाडीच्या मापात ती ४३ मिलिमीटर होते. हे मोटारीचे नव्हे, चिलखती गाडीचे माप झाले! रंगाचेही तसेच. छोट्या गाडीवर ०.१ मिलिमीटरचा थर बसला, तर खऱ्या गाडीवर चार मिलिमीटरहून जाड लेप दिल्यासारखे होते. त्यामुळे दारांच्या फटी बुजतात. म्हणून जाणकार कारागीर रंग अगदी पातळ करून फवारतो आणि फटी किंचित अधिक खोल कोरतो. म्हणजे प्रतिकृती खरी वाटावी यासाठी तो मुद्दाम मापाबाहेर जातो.

द्रव्याचे गुणधर्म तर मुळीच लहान होत नाहीत. डिंकीच्या पहिल्या गाड्या शिशाच्या मिश्रधातूच्या होत्या. लवकरच कंपनी जस्ताच्या मिश्रधातूकडे वळली. अमेरिकेत १९२९ मध्ये विकसित झालेल्या या प्रकारच्या धातूत जस्ताबरोबर सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम आणि थोडे मॅग्नेशियम असते. तो सहज ओतला जातो आणि बारीक नक्षी चांगली उचलतो. पण त्याला शिसे सोसत नाही. शिशाचा अंश राहिला तर तो धातूच्या स्फटिककणांच्या सीमांवर साचतो. हवेतील ओलाव्याने त्या सीमांवरून आत गंज धावतो, धातू फुगतो, तडकतो आणि शेवटी बिस्किटासारखा चुरा होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कित्येक डिंकी गाड्या अशा नाहीशा झाल्या. वरचा रंग शाबूत आणि आतली गाडी भुगा, असेही होते. यावर इलाज नाही. कोरड्या जागी ठेवून वेग कमी करता येतो, एवढेच. कोकणातल्या पावसाळी हवेत असा संग्रह सांभाळणे किती कठीण, हे सांगायला नको. आजच्या मानकांत शिशाची कमाल मर्यादा एक लाख भागांत पाच भाग इतकी कडक आहे. ती का, याचे उत्तर मुलांच्या खेळण्यांनीही दिले आहे.

ओतकामात महाग असतो तो साचा, धातू नव्हे. म्हणून साचे देशोदेशी फिरले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही जुने साचे कलकत्त्याला आले आणि 'डिंकी'ऐवजी 'निकी' या नावाने त्या गाड्या भारतात विकल्या गेल्या.

विक्रेत्याचा नमुना, मुलाचा संच

जोडणीच्या संचांचा उगमही असाच अडचणीतला आहे. १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांना गिऱ्हाइकांपुढे ठेवायला छोटा नमुना हवा होता. इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीने प्लॅस्टिकमध्ये तो बनवला. आधी तो जोडून दिला जात असे. पुढे त्याचे सुटे भाग डब्यात घालून विकले गेले आणि जोडण्याचे काम हाच गिऱ्हाइकाचा आनंद ठरला. अमेरिकेत एएमटी ही कंपनी १९४८ पासून मोटार विक्रेत्यांसाठी १:२५ चे नमुने बनवीत होती. तेव्हाचे ॲसिटेट प्लॅस्टिक काही वर्षांत वाकत असे. पुढे पॉलिस्टायरिन आले आणि ही अडचण सुटली. १९५८ मध्ये तिने एकाच डब्यातून तीन प्रकारे जोडता येईल असा मोटारीचा संच काढला: कारखान्यातून निघते तशी, आपल्या हौसेने बदललेली किंवा शर्यतीची. सूचनेबरहुकूम जोडणाऱ्या मुलाला आता स्वतः ठरवण्याची मुभा मिळाली.

ही मुभा एका स्पर्धेने त्याआधीच दिली होती. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० मध्ये किशोरवयीन मुलांसाठी स्पर्धा सुरू केली. आरंभी ठरवून दिलेल्या एका राजेशाही घोडागाडीची हुबेहूब प्रतिकृती करायची असे. त्यात कारागिरीची कसोटी होती, कल्पनेला वाव नव्हता. १९३७ पासून मुलांनी स्वतः आखलेली मोटार १:१२ मध्ये, म्हणजे एक इंचाला एक फूट या मापाने, करून पाठवण्याची सोय झाली. महायुद्धानंतर घोडागाडी मागे पडली आणि मोटार उरली. बक्षीस म्हणून महाविद्यालयीन शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळे. १९४७ चा विजेता चार्ल्स जॉर्डन पुढे त्याच जनरल मोटर्सच्या आरेखन विभागाचा प्रमुख झाला. १९६८ मध्ये ही स्पर्धा बंद पडली. अखेरपर्यंत तिच्यात मुलींना प्रवेश नव्हता. किती चांगल्या आरेखनकार त्यामुळे जगाला मिळाल्या नाहीत, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

शेऱ्याची दुरुस्ती

आमच्या प्रयोगशाळेत आम्हीही 'मॉडेल' हा शब्द रोज वापरतो. निसर्गाच्या एखाद्या घटनेची गणिती प्रतिकृती करताना सगळे गुण एकदम उतरवता येत नाहीत. हाताशी जे उपकरण आहे, जेवढे मोजता येते, तेथून सुरुवात करावी लागते. मग काय खरे ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरवावे लागते, आणि काय सोडले ते प्रामाणिकपणे सांगावे लागते. त्या मुलाने नेमके हेच केले होते. चाक हाताशी होते. त्याने खरे चाक मोजले, भागाकार केला आणि आलेला ३७ हा बेढब आकडा न लपवता सांगितला. सोयीचा चाळीस सांगून तो आम्हाला सहज खूश करू शकला असता.

वाचक शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. प्रत्येक गटाला वेगळ्या आकाराचे बूच द्यावे आणि शाळेबाहेर उभ्या असलेल्या एखाद्या वाहनाचे चाक मोजायला सांगावे. प्रत्येक गटाचे प्रमाण वेगळे येईल. मग हौदा किती लांब, पुठ्ठा किती जाड आणि तो खऱ्या मापात किती, हे मुलांना काढू द्यावे. शेवटी एकच प्रश्न विचारावा: तुमच्या गाडीत काय खोटे आहे?

आम्ही त्या मुलाला तो प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर त्याने उत्तर दिले असते, अशी आमची आता खात्री आहे. ती गुणपत्रिका केव्हाच कोठेतरी रद्दीत गेली असेल, म्हणून शेऱ्याची दुरुस्ती येथे करीत आहोत: 'प्रमाण १:३७. योग्य.'