पोलिसांमधील आघातोत्तर ताण

हिंसा, अपघात व अनैसर्गिक मृत्यू यांच्याशी कामामुळे वारंवार संबंध आल्याने पोलिसांत उद्भवणारा मानसिक विकार (पीटीएसडी). अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत हा विकार १९८० मध्ये आला. २०१३ च्या आवृत्तीत आघाताचे तपशील कामाच्या ओघात पुनःपुन्हा समोर येणे हेही कारण धरले असून, बाल-अत्याचारांचा तपास करणाऱ्या पोलिसांचे उदाहरण दिले आहे.

लक्षणे : प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहणे, दुःस्वप्ने, त्या प्रसंगाचा विषय वा जागा टाळणे, दचकणे, चिडचिड. ती महिन्याहून अधिक काळ टिकल्यास निदान होते. सतत सावध राहणे हा पोलिसाचा गुणच समजला जातो, म्हणून आजार उशिरा लक्षात येतो.

कारणे : २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर, तुकाराम ओंबळे यांच्यासह अनेक पोलीस शहीद झाले. अशा प्रसंगांची नोंद होते. मात्र अकस्मात मृत्यूचा पंचनामा, मृतदेह शवविच्छेदनासाठी नेणे, नातेवाइकांना निरोप देणे ही रोजची कामे शिपाई-हवालदारांच्या वाट्याला येतात आणि त्यांचा साचत जाणारा भार कुठेच नोंदला जात नाही.

कामाचे तास : अपुरी झोप व हुकलेली साप्ताहिक सुट्टी यांमुळे आघातातून सावरायला वेळ मिळत नाही. ‘कॉमन कॉज’ व लोकनीती–सीएसडीएस यांच्या २०१९ च्या अहवालानुसार भारतीय पोलीस दिवसाला सरासरी १४ तास काम करतात. मुंबईत आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्या काळात, मे २०१६ मध्ये, देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. त्याचे वेळापत्रक त्याच ठाण्यातील एका शिपायाने मांडले होते. पुढे ही पद्धत शहरातील इतर ठाण्यांत नेण्यात आली. तथापि सण, निवडणुका व मोर्चे यांच्या बंदोबस्तात तास वाढतातच. तरीही मानसिक आरोग्याच्या दृष्टीने आठ तासांच्या पाळीच्या या प्रयोगाचे मोल मोठे आहे.

उपचार : आघातकेंद्रित बोधात्मक वर्तनोपचार व ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आघाताच्या आठवणी हाताळणारी पद्धत) उपयुक्त ठरले आहेत. घटनेनंतर लगेच घेतल्या जाणाऱ्या एकाच सामूहिक बैठकीच्या उपयोगाबद्दल मतभेद आहेत. न्यूयॉर्कमध्ये १९९६ पासून ‘पॉप्पा’ या संस्थेतर्फे प्रशिक्षित स्वयंसेवक पोलीसच सहकाऱ्यांना आधार देतात. शस्त्र काढून घेतील, बढती अडेल या भीतीने अनेक जण मदत मागत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. पोलीस दलात तो काटेकोरपणे पाळला गेला तरच समुपदेशन केंद्रांवर विश्वास बसेल.

कुटुंबीय : झोपेतील बदल व चिडचिड बहुधा प्रथम घरच्यांच्या लक्षात येते.