संशोधनाचा आत्मविश्वास कसा मोजावा? तंजावरच्या मोडी कागदांवरून एक पाठ

‘तुम्हाला संशोधन जमते का?’ असा प्रश्न एखाद्या प्रश्नावलीत आला, तर तुम्ही ‘बऱ्यापैकी’वर खूण करून पुढे जाल. पण त्या खुणेतून नेमके काय मोजले गेले? इतिहासाच्या विद्यार्थ्याला याचे उत्तर तंजावरात चांगले सापडते.

आधी मोजपट्टीचा इतिहास पाहू. ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशी पायऱ्यांची पद्धत रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडली. १९७७ मध्ये अल्बर्ट बांडुरा यांनी ‘हे विशिष्ट काम मी पार पाडू शकेन’ या विश्वासाला सिद्धांताचे रूप दिले. या विश्वासाची मोजणी कामागणिक वेगळी व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी २००६ च्या मार्गदर्शिकेत त्यांनी ० ते १०० अशी पट्टी सुचवली.

आता तंजावर. येथे भोसले घराण्याची सत्ता १६७६ च्या सुमारास सुरू झाली आणि १८५५ मध्ये संपली. दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२) यांनी वाढवलेला ग्रंथसंग्रह आज सरस्वती महाल ग्रंथालय म्हणून प्रसिद्ध आहे. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा इतिहास बाळबोध लिपीत आहे. राज्यकारभाराचे मराठी कागद मात्र मोडीत आहेत.

शिलालेखाची अक्षरे ओळखू आली, की मराठी विद्यार्थ्याला वाटते, ‘ही तर आपलीच भाषा!’ मोडी कागद हाती येताच अडचण सुरू होते. शब्द एकमेकांना चिकटलेले, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा नाही आणि मजकुरात तमिळ गावांची नावे. जुन्या मराठी कागदांत सालही कधी अरबी शब्दांत येते. ‘इसन्ने मयातैन व अलफ’ म्हणजे २ + २०० + १०००, शुहूर सन १२०२. हे वर्ष जूनच्या सुमारास, मृगात सुरू होते. म्हणून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ५९९ आणि त्यानंतरच्या तारखेला ६०० मिळवावे लागतात. महिना न पाहता बेरीज केली, तर घटना एका वर्षाने सरकते आणि कारण-परिणामाचा क्रमच उलटू शकतो.

म्हणून ‘संशोधन जमते का?’ या एका प्रश्नाचे तुकडे करा: सूचीतून कागद शोधणे, दहा ओळी वाचणे, साल काढणे, दुसऱ्या साधनाशी ताडून पाहणे. प्रत्येक कामापुढे आधी ० ते १०० मधला विश्वासाचा आकडा लिहा. मग ते काम करा आणि जाणकाराकडून तपासून घ्या. दोन आकड्यांतले अंतर हे खरे मोजमाप.

हे अंतर मोठे असू शकते. डनिंग आणि क्रूगर यांच्या १९९९ च्या अभ्यासात चाचण्यांमध्ये तळाच्या चतुर्थांशात आलेले विद्यार्थी सरासरीने १०० पैकी १२ जणांच्याच पुढे होते. त्यांना मात्र आपण ६२ जणांच्या पुढे आहोत असे वाटत होते. यात संख्याशास्त्रीय परिणाम किती, यावर पुढे वाद झाला. पण नुसत्या स्वतःच्या अंदाजावर विसंबू नये, एवढे नक्की.

उलटही घडू शकते. मराठी न येणारा तमिळ विद्यार्थी स्वतःला कमी आकडा देईल. पण त्या कागदातले गावाचे नाव तोच अचूक ओळखेल. एकच सरसकट आकडा मागितला, तर त्याची ही जमेची बाजू कुणालाच दिसणार नाही, कदाचित त्यालाही नाही.

स्वाध्याय: तुमच्या पुढच्या प्रकल्पातली चार कामे लिहा. प्रत्येकापुढे विश्वासाचा आकडा आज टाका आणि काम तपासून झाल्यावर दुसरा.