मिणमिणता दिवा

मागल्या दिवाळीच्या पाडव्याला माझ्या भाच्याचा हॅम्बुर्गहून फोन आला. आताचा फोन म्हणजे नुसते बोलणे नव्हे, समक्ष दर्शन. फराळ, ओवाळणी, कोणाचे गुडघे कसे आहेत, हे सारे झाल्यावर तो म्हणाला, "मामा, आता माझा समुद्र बघा." आणि त्याने फोन एका काचेच्या पेटीसमोर धरला. खारे पाणी, खडक, दोन नारिंगी मासे आणि खडकांवर रुजवलेली जिवंत प्रवाळे. वर एक निळसर दिवा. आमच्या घरी त्या वेळी पणत्या लागल्या होत्या, आकाशकंदील लागला होता. त्या झगमगाटातून मला त्याचा समुद्र अगदीच अंधारा दिसला. वीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाला कोणी न विचारता सल्ला देण्याची खोड असते. मी म्हणालो, "अरे, किती मिणमिणता दिवा हा! त्या बिचाऱ्यांना जरा उजेड तरी दे." भाचा मामाचा शब्द मानणारा. त्याने त्याच रात्री दिवा पुरा मोठा केला.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला तेव्हा फांद्याफांद्यांचे ते सुंदर तपकिरी प्रवाळ पांढरेफटक पडले होते. "तुमची काही चूक नाही, मामा," एवढेच तो म्हणाला, आणि तेच मला अधिक लागले. हा लेख त्या लागण्यातून निघाला आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

काचपेटीत समुद्र बाळगण्याची हौस फार जुनी नाही. लंडनच्या रीजंट्स पार्कातल्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्यामागे फिलिप हेन्री गॉस या निसर्गवेड्या गृहस्थाचे श्रम होते. पुढच्याच वर्षी त्याचे पुस्तक निघाले आणि इंग्रजांच्या दिवाणखान्यात काचपेट्या आल्या. त्यांना दिवा कोणता? तर खिडकी. ऊन कमी पडले की पेटीतली वनस्पती मरे आणि जास्त पडले की पाणी हिरवेगार होई. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या प्याल्याएवढ्या प्रवाळाला मात्र या उन्हाशी काही देणेघेणे नव्हते. आपण अंगठीत घालतो ते लाल पोवळेही असेच, अंधुक पाण्यात राहून ऊन न मागणारे. उन्हासाठी जीव टाकणारी जात निराळी; उष्ण समुद्रात मैलोगणती भिंती बांधणारी.

या भिंती बांधणारे प्रवाळ वीस ते तीस वावांच्या खाली जोमाने वाढत नाही, असे डार्विनने १८४२ सालीच लिहून ठेवले होते. त्यामागचे इंगित पुढे हळूहळू उलगडले. प्रवाळ हा प्राणी. पण त्याच्या मांसात असंख्य सूक्ष्म तपकिरी पेशी असतात. १८८१ साली कार्ल ब्रांट या जर्मन शास्त्रज्ञाने त्यांना नाव दिले, झूझँथेली. ही शेवाळाच्या कुळातली भाडेकरू मंडळी. प्रवाळाचा रंग बहुतेक यांचाच.

पण हे भाडेकरू घरमालकाला देतात काय? याचा छडा लावण्यासाठी १९२८ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांची एक तुकडी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर, लो आइल्स नावाच्या चिमुकल्या बेटांवर गेली आणि वर्षभर राहिली. प्रमुख होते सी. एम. यंग. त्यांनी जिवंत प्रवाळे उजेड न शिरणाऱ्या पेट्यांत कोंडून ठेवली. पाणी आत-बाहेर खेळे, बारीक जीवांचे अन्न मिळे. फक्त प्रकाश नाही. प्रवाळांनी आपले भाडेकरू बाहेर टाकले आणि ती फिकट पडली. मेली मात्र नाहीत. यावरून यंगसाहेबांनी निष्कर्ष काढला की प्रवाळ हा मूळचा मांसाहारी, या शेवाळावर त्याचे पोट नाही. प्रयोग उत्तम आणि अर्थ अपुरा, असे मोठ्यांच्याही हातून होते हे वाचून मला जरा धीर आला, हे कबूल करतो.

उत्तर मिळायला आणखी तीस वर्षे गेली. १९५८ साली मस्कटीन आणि हँड या दोघा अमेरिकनांनी किरणोत्सर्गी कार्बनचा माग काढीत दाखवले, की शेवाळाने उजेडात बनवलेले अन्न यजमानाच्या शरीरात उतरते. त्यांचा प्रयोग प्रवाळाच्या भावकीतल्या समुद्रफुलावर होता. पुढच्याच वर्षी जमैकात थॉमस गोरो यांनी मोजून दाखवले, की प्रवाळाचा चुनखडी सांगाडा अंधारापेक्षा उजेडात कितीतरी झपाट्याने वाढतो. तेव्हा दिवा हा या जिवाच्या शोभेसाठी नव्हे, तो त्याच्या ताटातला भात आहे.

याच सुमारास जकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ साली एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत सांगितली: समुद्रातले जिवंत खडक, हवेचे थोडे बुडबुडे आणि ऊन. बाकी यंत्र नको. त्यांच्या पेट्यांत प्रवाळे नांदत. पद्धत छापून कोठेही पाठवता आली. जकार्ताचे ऊन मात्र पाठवता येत नाही.

ज्यांच्याकडे ऊन नव्हते त्यांनी ते बनवायला घेतले, आणि यात जर्मन लोक पुढे होते. आधी ट्यूबलाइटी, पांढरीच्या जोडीला निळी. मऊ प्रवाळे त्यावर भागवीत, पण फांद्यांचे कठीण प्रवाळ उपाशी राही. मग मैदाने आणि कारखाने उजळणारा मेटल हॅलाइडचा दिवा घरात आला. बर्लिनच्या डीट्रिश स्ट्यूबर यांनी १९८०च्या दशकात अशा दिव्याखाली फांद्यांचे प्रवाळ नुसते जगवले नाही, वाढवले. वाढले की तुकडा तोडायचा आणि दुसऱ्या हौशी माणसाला द्यायचा, जसे आपण शेजारणीला कढीलिंबाचे रोप देतो. त्या एका झाडाची संतती देशोदेशींच्या पेट्यांत पोचली. दिव्याचा दोष एकच: तो भट्टीसारखा तापे. दिवा विकत घ्यावा आणि मग पाणी गार ठेवण्याचे यंत्रही घ्यावे, असा तो श्रीमंती थाट होता.

शेवटचा पालट जपानमधून आला. १९९३ साली शूजी नाकामुरा यांनी झगझगीत निळा एल. ई. डी. दिवा करून दाखवला. त्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४चे नोबेल मिळाले. प्रवाळ काही त्यांच्या मनात नसणार. पण समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश वरच्या काही मीटरांतच पिऊन टाकते आणि निळा खोलवर जाऊ देते. त्यामुळे प्रवाळातल्या शेवाळाची भूक निळ्याचीच. ज्या रंगाची त्याला पिढ्यान्‌पिढ्या सवय, तोच आता थोड्या विजेत मिळू लागला.

आणि इथेच माझी चूक मला सापडली. माणसाचा डोळा हिरवट-पिवळ्या उजेडाला सर्वांत तल्लख आणि निळ्याला मंद. जो दिवा मला मिणमिणता वाटला तो शेवाळाच्या हिशेबी भर दुपार होता. म्हणून जाणकार डोळ्यावर भिस्त ठेवीत नाहीत. वनस्पतीला उपयोगी पडणारे प्रकाशकण मोजणारे एक यंत्र असते, ते पाण्यात बुडवून पाहतात. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्रपृष्ठावर त्याचा आकडा सुमारे २००० असतो. घरातल्या मऊ प्रवाळाला पन्नास ते दीडशे पुरतात, फांद्यांच्या प्रवाळाला दोनशे ते साडेतीनशे. दिवस आठ-दहा तासांचा. आणि दिवा वाढवायचाच तर आठवड्या-आठवड्याने, थोडा थोडा. एकदम वाढवला की शेवाळाच्या पेशींत प्राणवायूची विखारी रूपे साचतात आणि प्रवाळ आपले भाडेकरू हाकलून देते. लो आइल्सच्या पेटीत अंधाराने जे झाले, तेच हॅम्बुर्गच्या पेटीत उजेडाने झाले. दोन्हीकडे पांढरे.

आपल्याकडे ही हौस कोणी करायला जाऊ नये. कठीण प्रवाळे २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातली गेली. ती समुद्रातून काढणे गुन्हा आहे. पाहायचीच तर मालवणला, सिंधुदुर्गाच्या आसपासच्या पाण्यात, त्यांच्या जागी पाहावी. भाच्याची प्रवाळे तिकडच्या पेट्यांतच वाढवलेल्या झाडांचे तुकडे आहेत, हे मी त्याला मुद्दाम विचारून घेतले.

त्याने दिवा उतरवला, एका हौशी स्नेह्याचे मोजयंत्र आणले आणि वाट पाहिली. तीन महिन्यांनी बहुतेक फांद्यांवर तपकिरी झाक परतली. एक मोठे झाड मात्र गेले. त्याचा पांढरा सांगाडा त्याने पेटीतच ठेवला आहे आणि त्यावर आता हिरवे शेवाळ चढते आहे. अजूनही तो दर पंधरवड्याला मला आपला समुद्र दाखवतो. पण फोन पेटीकडे वळवण्याआधी विचारून घेतो, "मामा, आज काही सांगणार नाही ना?"